गुणाजीकाकांची गुप्तता

आमच्या गुणाजीकाकांना समुपदेशनाच्या परीक्षेत नापास केलं. घडलं ते काकांनीच खरंखरं लिहून दिलं, त्यावर शेरा काय, तर ‘गुप्ततेचा भंग, चौतीस माणसांसमोर.’ आता गंमत बघा, त्या चौतीस माणसांसमोर काका माझ्याबद्दल अवाक्षर बोलले नव्हते. बोलले नाहीत म्हणून तर सगळं झालं! आणि ज्या क्लायंटची गुप्तता भंगली म्हणतात, ती क्लायंट मी. मला एक फोन करून विचारायला काय झालं होतं? नाही विचारलं ना, मग मीच सांगते.

गुणाजीकाका म्हणजे माझे चुलत सासरे. लालबागला आमच्याच चाळीत, आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय सदुसष्ट. गिरणीत चिकटले आणि दोनच वर्षांत संप झाला. मग शीवला एका औषध कंपनीच्या गोडाउनमध्ये तीस वर्षं स्टोअरकीपर. काकी गेल्या, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. पण चाळ त्यांना ओळखते ते यातल्या कशामुळेच नाही. गाऱ्हाणं घालावं तर गुणाजींनी, असं त्यांचं नाव आहे.

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पूजा आटपली की एक जाणता माणूस देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि घरच्या सगळ्यांच्या अडचणी एकेक करून, नावानिशी, मोठ्याने देवाच्या कानावर घालतो. प्रत्येक वाक्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. काकांचा आवाज दोन मजले ऐकू जातो आणि अर्धवट काही सांगायचं त्यांच्या स्वभावातच नाही. ‘देवापासून काय लपवूचा?’ हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे चाळीतल्या जयवंतरावांची मूळव्याध त्यांच्या नव्या व्याह्यांना सत्यनारायणाच्या दिवशी कळली. आमच्या सुशांतचे इंजिनीअरिंगचे दोन विषय राहिलेत हे मला, त्याच्या सख्ख्या आईला, गाऱ्हाण्यातून कळलं. ‘पोराचे जे काय दोन पेपर गुतलेले आसत, ते सोडव रे म्हाराजा!’ आणि मी मेली स्वयंपाकघरातून सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळी.

असा हा माणूस. तो गेल्या वर्षी गुडघ्यासाठी तेल आणायला दादरला गेला आणि तत्त्वज्ञान घेऊन आला. एका क्लासच्या जिन्याशी बोर्ड होता, ‘सहा महिन्यांत तात्त्विक समुपदेशक व्हा.’ काका वर गेले. तिथल्या नम्रता मॅडमनी समजावलं की यात औषध नाही, उपाय नाही. माणसाचं दुःख ऐकायचं आणि त्याला आयुष्याचा विचार करायला लावायचं. काका म्हणाले, ‘ता मी चाळीस वर्सा करतंय. निस्ता सर्टिफिकेट नाय.’ मॅडम हसल्या. फॉर्म भरून घेतला तो घेतलाच.

वर्गात अकरा जण. रिटायर्ड बँक मॅनेजर, एचआरमधल्या एक बाई, असे सगळे. आयुष्याचा अर्थ शोधायला आलेले आणि घरी जेवण तयार असलेले. पहिल्याच रविवारी तीन नियम शिकवले. सल्ला द्यायचा नाही. क्लायंट गप्प बसला तर आपणही गप्प बसायचं. आणि ऐकलेलं कुठेही बोलायचं नाही. काकांची पंचाईत तिन्हीकडून! सल्ला न देता लालबागमध्ये माणूस जिना तरी उतरू शकतो का? गप्प बसायचा सराव ते आमच्याकडे चहा पिताना करायचे. सुशांत मोबाईलवर वेळ लावायचा. सात सेकंद झाले की काका खाकरायचे.

शेवटच्या परीक्षेसाठी एक खराखुरा क्लायंट हवा होता. सहा बैठका, प्रत्येकी तीस मिनिटं, फॉर्मवर दोघांची सही. काका फॉर्म घेऊन अख्खी चाळ फिरले. कोण देतंय सही? जयवंतरावांनी तर दारच लावून घेतलं. मी हो म्हटलं ते काही तत्त्वज्ञानाच्या ओढीने नाही. मी परळला एका हॉस्पिटलात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते, सकाळी साडेसहाला घर सोडते. चार वाजता सुटले की वाटेत अर्धा तास टेकायला मिळेल, एवढाच माझा हिशेब.

घरी बोलणं शक्यच नव्हतं, आमची भिंत म्हणजे लाकडी फळी. म्हणून आम्ही भोईवाड्यात देवळाच्या कट्ट्यावर बसायचो. काकांनी वही उघडली. ‘तुझो त्रास काय?’

‘थकवा,’ मी म्हटलं.

त्यांनी वहीत बघितलं. ‘थकवा म्हणजे काय?’

‘थकवा म्हणजे कंबर, काका.’

‘कंबर म्हणजे काय?’

मी पर्स उचलली.

‘अगो बस गो! फॉर्मात तीस मिनटा लिवची आसत, आता चारच झाली!’

दोन बैठका अशाच गेल्या. तिसऱ्या वेळी श्रावण संपत आला होता, गणपती तोंडावर. आमच्याकडे पाच दिवसांचा असतो. दीड खोलीत पाच दिवस, रोज तीस-चाळीस माणसं, दोन वेळची आरती, भजनवाल्यांना चहा आणि उसळपाव, मोदक, काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यात माझी नोकरी. हॉस्पिटल काही आपल्या गणपतीसाठी बंद राहत नाही. त्या दिवशी काकांनी वहीसुद्धा उघडली नव्हती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘काका, मला पाच दिवसांचा नकोय. दीड दिवसाचा करूया.’

बोलले आणि घाबरले. कारण हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारलेलं नाही. माझ्या सासूबाई, बकुळाबाई, त्यांना शेजारच्यांनी एकदा नुसतं सुचवलं होतं, तर त्या वर्षभर त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. सासऱ्यांनी जाताना हात धरून सांगितलेलं, पाचाचे चार होता कामा नयेत. आणि मी नोकरी करणारी, दादरच्या माहेरची, देवाचे दिवस कापायला निघालेली! सासूबाईंना कळलं असतं तर त्या भांडल्या नसत्या. त्या नुसत्या बघत राहिल्या असत्या, आणि ते मला सोसलं नसतं.

काका गप्प बसले. सात सेकंद गेले, वीस गेले. खाकरले नाहीत. मग वहीत नसलेला प्रश्न त्यांनी विचारला. ‘मेघना, मी गाऱ्हाणा घालतंय तेवा तू खय असतंस गो? माका कदी समोर दिसलंस नाय.’

मला रडूच आलं. भर कट्ट्यावर, फुलवालीच्या समोर. बावीस वर्षं मी पडद्याआड, गॅसपाशी. हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं.

डोळे पुसून मी म्हटलं, ‘काका, हे कोणाला कळता कामा नये.’

‘अगो, फॉर्मार सही आसा माझी!’ काका तोऱ्यात म्हणाले. दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. ‘पण देवाक?’

हा माणूस पंधरा दिवसांनी आमच्याच घरात गाऱ्हाण्याला उभा राहणार होता.

काकांनी हा प्रश्न प्रामाणिकपणे वर्गात नेला. क्लायंटचं गुपित देवाला सांगितलं तर चालतं का? दोन तास चर्चा झाली म्हणे. बँक मॅनेजर म्हणाले, देवाला आधीच माहीत असतं, तेव्हा ती माहिती ठरतच नाही. एचआरच्या बाई म्हणाल्या, चालेल, पण क्लायंटची लेखी संमती हवी आणि एक कॉपी फाइलला. देव नाहीच असं म्हणणाऱ्या एका गृहस्थांनी सर्वांत जास्त वेळ घेतला. शेवटी नम्रता मॅडम म्हणाल्या, ‘देव हा तिसरा पक्ष मानायचा का, यावर आपण गणपतीनंतर बोलू.’ गणपतीनंतर! शाब्बास!

तेव्हापासून काका मला जिन्यात टाळायला लागले. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी त्यांना गाठलंच. ‘काका, उद्या काय करणार?’

‘खोटा बोलूक जमाचा नाय. खरा बोलूक सही आडवी येता,’ ते म्हणाले. ‘बघतंय.’ चेहरा एवढासा झाला होता. चाळीस वर्षांत गाऱ्हाण्याला घाबरलेलं मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली. नैवेद्याचे एकवीस मोदक बाहेर गेले होते, बाकीच्यांचे अजून वाफेवर. माणसं चौतीस, ती मी मोजलेली कारण ताटं मला लावायची होती. पडद्याच्या फटीतून मला गणपतीची पाठ आणि काकांचं तोंड दिसत होतं. मी उकड हातात तशीच धरून उभी.

‘बा गजानना म्हाराजा! सालाबादपरमाणा लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

मग एकेकाची बारी. माझ्या नवऱ्याचं, राजेशचं, प्रमोशन. सुशांतची नोकरी. माझी नणंद राधाताई, तिच्या मुलीचं लग्न. प्रत्येकाला दणक्यात होकार. आणि मग काका म्हणाले, ‘ह्या घरच्या सुनेचा जा काय…’

आणि थांबले.

वर केलेले हात तसेच. घाम निथळतोय. मी मनात मोजत होते. सात झाले, पंधरा झाले. मागच्या कोणीतरी सवयीने ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं आणि ओशाळून गप्प झाला.

‘गुणाजी, फुडे बोल,’ सासूबाई म्हणाल्या.

‘वयनी, फुडचा बोलूचो माका अधिकार नाय. मी सही केलंय.’

झालं! सूनबाई हॉस्पिटलात कामाला, काका काहीतरी लपवतायत, आणि वर सही! चौतीस माणसांनी मिळून माझा आजार तिथल्या तिथे ठरवून टाकला. राधाताई रडायलाच लागली. ‘रिपोर्ट आला ना गं? कधीपासून लपवतेयस?’ राजेशचा चेहरा पांढराफटक. कोणीतरी मागून परळच्या एका डॉक्टरचा नंबरही सांगायला लागलं. सासूबाई उठायला गेल्या आणि त्यांना उठता येईना.

ते बघितलं आणि मी पडदा सारून बाहेर आले. ‘आई, मला काही झालेलं नाही. मला दीड दिवसाचा गणपती हवाय.’

खोलीभर सुटकेचा श्वास, आणि हशा. ‘एवढंच होय!’ राधाताई नाक पुसत म्हणाली. राजेश तर पोट धरून हसायला लागला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

‘हसतोस काय? बावीस वर्षांत मी एकदाही या गणपतीसमोर बसलेले नाही. येतो तेव्हा मला पाठ दिसते, जातो तेव्हाही पाठच. तुमची सगळ्यांची दुःखं मी पडद्यामागून ऐकते आणि होकार देते. माझं काय ते कोणी विचारलं?’

हसणं थांबलं. माझी नजर सासूबाईंकडे. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. पडद्याकडे बघत होत्या.

‘माका तरी कोणी इचारल्यानी?’ त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे. ‘एकतीस वर्सा. थयच उभी होतंय.’ मग काकांकडे वळल्या. ‘घाल आता. काय ता पुरा घाल.’

‘नाय वयनी,’ काका म्हणाले. ‘ह्या गाऱ्हाणा जेचा तेनाच घालूचा.’ आणि देवासमोरची आपली जागा सोडून बाजूला झाले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मला त्यांची भाषा येत नाही. तो आवाजही नाही. उकड लागलेले हात तसेच जोडले आणि जे आलं ते म्हटलं. ‘देवा, पुढच्या वर्षी दीड दिवस ये. उरलेले साडेतीन दिवस मला दे.’

एकाही पुरुषाच्या तोंडून होकार निघेना. सगळे सासूबाईंकडे बघत राहिले. सासूबाईंनी माझं मनगट धरून मला खाली ओढलं.

‘हय बस. मोदक राजेश बघतलो.’

‘मी?’ राजेश म्हणाला. ‘आई, गॅस कुठल्या बाजूला बंद होतो?’

‘जा, थय गेल्यार कळतला.’

तो गेला. मी बसले आणि समोर बघितलं. आमच्या गणपतीच्या हातातल्या मोदकाला सातच कळ्या होत्या. मी अकरा काढते.