नाडी एकशे तेवीस

हॉस्टेलवर पोरी भुताखेतांच्या गप्पा मारायला लागल्या की 'लाइट बंद करा गं' म्हणून झोपणारी मी एकटीच. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आज आहे का... सांगता येत नाही.

मी संभाजीनगरला बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. (हॉस्पिटलचं नाव विचारू नका.) तेव्हा पुरुषांच्या वॉर्डात पोस्टिंग होती. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला सगळ्यांचा ताप आणि नाडी बघून वहीत लिहायची, हे आम्हा विद्यार्थिनींचं काम. तीस पेशंट — पूर्ण मिनिट कोण मोजणार? पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचं, मोकळं व्हायचं. इन्चार्ज सिस्टर रागवायच्या, आम्ही 'हो सिस्टर' म्हणायचो आणि पुन्हा तेच करायचो.

त्या दुपारी एका पेशंटचा मुलगा भडकला. डॉक्टर इमर्जन्सीत अडकलेले, सिस्टर त्यांनाच बोलवायला गेलेल्या... समोर सापडले मी.

"माझा बाप तडफडू लागला अन् तू वही लिहीत बसली व्हय?"

सणकन कानाखाली बसली. वही टेबलावर टाकून मी ड्रेसिंग रूममध्ये पळाले. त्याने बाहेरून कडी घातली, दिव्याचं बटणही बाहेरच — तेही बंद केलं.

"डॉक्टर येईस्तोवर बस आतच!"

खिडकी नाही. मोबाइल लॉकरमध्ये. दार बडवून हात सुजले. बाहेर एवढी माणसं, पण कोणीही कडी काढली नाही. त्याची चीड अजून येते. शेवटी भिंतीला टेकून खाली बसले आणि ठरवलं, बास. फुलंब्रीला घरी जायचं. हा पांढरा ड्रेस पुन्हा अंगावर नको.

तेवढ्यात माझ्या मनगटावर तीन बोटं टेकली.

गार, कोरडी. अंगठ्याच्या मुळाशी, आम्हाला शिकवतात बरोबर तिथंच. बराच वेळ ती हलली नाहीत. मग उचलली गेली.

सिस्टरांनी दार उघडलं तेव्हा खोलीत मी एकटी होते. त्या माणसाला सिक्युरिटीवाले घेऊन गेले होते. सिस्टरांनी अर्धवट राहिलेली वही उघडली आणि थबकल्या. तीस नंबरच्या खाली, अनोळखी अक्षरात एक ओळ होती: 'ड्रेसिंग रूम. नाडी १२३.'

बाहेरच्या कोणी थट्टा केली म्हणावं, तर आत माझी नाडी धरली गेली हे बाहेर कोणाला ठाऊक? आणि आमच्यापैकी कोणी लिहिलं असतं तर १२० आलं असतं, नाहीतर १२४. चारने गुणून १२३ येतच नाही. पूर्ण मिनिट मोजावं लागतं.

झाला प्रकार कळल्यावर संध्याकाळी अण्णा, माझे वडील, न्यायला आले.

"लई झालं पोरी. चल, सामान बांध."

"थांबा अण्णा. सहाची नाडी घ्यायची राहिलीय."

"किती वेळ लागंल?"

"तीस पेशंट आहेत. तीस मिनिटं."

पहिला हात त्याच माणसाच्या बापाचा घेतला. सत्त्याण्णव.

अण्णा एकटेच परत गेले. ती बोटं कोणाची होती, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून मी एकही नाडी चारने गुणलेली नाही.