मोहाखालची पोपटी साडी

वाघ बघायचा हा हट्ट आमच्या ह्यांचा. भर उन्हाळ्यात चंद्रपूर म्हटल्यावर मला बसल्या जागी घाम फुटला. पण नागपुरात भाचीचं लग्न निघालं आणि मी अलगद सापडले. लग्न आटोपून थेट ताडोबा!

चंद्रपूरहून मोहर्लीच्या प्रवेशद्वाराकडे एसटी जाते, आम्ही गाडी केली. सफारीचं बुकिंग मात्र खूप आधी करा आणि धुळीसाठी मोठा रुमाल घ्या. ह्यांच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यात आलं ते फक्त एक शेपूट. ह्यांच्या मते वाघाचं, माझ्या मते वानराचं.

मुक्काम जंगलाच्या कडेला, बफरमधल्या गावात, शांताबाईंकडे. त्यांच्या सांबारवडीपुढे (इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) ह्यांनी शेपटीचं दुःखही गिळलं. सकाळी त्यांच्यासोबत मोहफुलं वेचायला गेलो, तर झाडांखाली जुन्या साड्या ताणून बांधलेल्या आणि फुलं टपटप त्यांच्यावर पडताहेत. एरवी फुलं नीट दिसावीत म्हणून लोक खालचा पाला पेटवतात. वारा सुटला की तीच आग रानात शिरते. मागच्या उन्हाळ्यात असंच रान जळलं, तेव्हापासून शांताबाई घरोघरी साड्या मागत फिरतात.

शेवटच्या झाडाखाली त्यांचे दीर नामदेवभाऊ काडेपेटी घेऊन उभे होते.

"भाऊजी, थांबा ना जरासे!"

"काऊन थांबू, वहिनी? पाल्यात फूल दिसत नाई. तुमच्या झाडाले साड्या, अन् माह्या झाडाले?"

"साड्या सरल्या. आता अंगावरची तेवढी राह्यली." शांताबाई हसल्या, पण काडेपेटीवरची नजर काही हटवली नाही.

मी धावत खोलीवर गेले. लग्नातसुद्धा नेसायची टाळलेली, ह्यांनी स्वतः निवडलेली पोपटी साडी बॅगेत होती, ती घेऊन आले.

"अगं, ती मी आणलेली!" हे ओरडले.

"म्हणूनच. तिच्यावर फूल काय, मुंगीसुद्धा दिसेल."

नामदेवभाऊंनी साडी ताणून पाहिली. "मजबूत हाये," म्हणाले आणि काडेपेटी खिशात टाकली. शेवटचं टोक ह्यांनीच मुकाट्याने बांधलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. मी तसं बोलले नाही, उगाच हे हरभऱ्याच्या झाडावर चढले असते.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी शांताबाईंचा फोन आला. "बाई, औंदा आपलं रान नाई जळलं. तुमची साडी मात्र पार फाटली."

त्या "आपलं"मध्ये आता मीही होते. ह्यांना सांगितलं, तर संध्याकाळी हे बाजारातून दोन साड्या घेऊन आले. दोन्ही तश्शाच पोपटी.

"एक नामदेवभाऊंच्या झाडाला."

"आणि दुसरी?"

हे कॅमेरा पुसायला लागले. दुसरी मी आज नेसले आहे.