दादाच्या काचेवरचा ओरखडा

लेन्स मी आधी लोकरीच्या मोज्यात घातली, मोजा स्टीलच्या डब्यात आणि डबा पिशवीत. पुण्याहून जळगावपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. समोरच्या बाईंनी "काय, लाडू का?" असं विचारलं, तेव्हा "औषधं" म्हणून मोकळी झाले. बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली. कुणावर चटकन विश्वास ठेवणं मला जमतच नाही.

ही जुनी रशियन लेन्स माझ्या थोरल्या भावाची. दादा आता नाही. एकदा ती त्याच्या हातून दगडावर पडली आणि पुढच्या काचेवर ओरखडा उमटला. तेव्हापासून समोरून ऊन आलं, की दादाच्या फोटोत प्रकाशाचा एक तिरका दोरा दिसायचा. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या फोटोंत तो आहे. आता दादाच्या मुलीचं, मुक्ताचं, लग्न ठरलंय. तिला लग्नाचे फोटो ह्याच लेन्सने हवे होते, बाबांचा दोरा त्यांत यावा म्हणून. पण जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसेना. शिवाय माणूस जागच्या जागी आणि त्याच्यामागचं सगळं गरगर फिरतंय, असे फोटो तिने मोबाईलवर पाहिले होते. "आत्या, तेही करून आण ना," म्हणाली. जुन्या लेन्सवर अशी कारागिरी करणारे एक नाना जळगावात पिंप्राळ्याला राहतात, हे तिनेच शोधून काढलं. लेन्स कुरिअरने पाठवायला मी साफ नकार दिला आणि नवा कॅमेराही बरोबर घेऊन स्वतःच निघाले.

स्टेशनबाहेर थंडी चांगलीच होती. रिक्षावाल्याने विचारलं, "कोठे जानं शे, ताई?" (कुठे जायचंय?) मी नुसतं पिंप्राळा म्हटलं, तर तो म्हणाला, "कॅमेरावाला नानाकडे का? माले माहीत शे." ह्याला कसं माहीत? मी पिशवी घट्ट धरली. त्याने रिक्षा भलत्याच गल्लीत घातली, तेव्हा मी ओरडणारच होते, पण मुख्य रस्ता खरोखरच खणलेला दिसला. नानांकडे येणारं बाहेरगावचं माणूस असंच पिशवी छातीशी धरून बसतं, हे मी उतरताना त्याने सांगितलं.

नाना साठीच्या पुढचे, काळे केलेले केस, शर्टाच्या खिशात चार स्क्रू ड्रायव्हर. पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मला 'या' म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या हातातल्या मोबाईलकडे बोट दाखवलं.

"तो तठे मेजवर ठेवी द्या. मांगे एक जन उना, बठ्ठं काम मोबाईलमा उतारी लई गया." (मागे एकजण आला आणि सगळं काम मोबाईलमध्ये टिपून घेऊन गेला.)

म्हणजे संशय इथेही होताच. लेन्स हातात घेताच त्यांची नजर ओरखड्यावर गेली. "हाई कसं व्हयनं?" (हे कसं झालं?) मी म्हटलं, "पडली होती." पुढे मुद्दामच काही बोलले नाही. एखाद्या वस्तूत आपला जीव अडकलाय हे समोरच्याला कळलं, की तो आपल्याला खेळवतो, हा माझा अनुभव. नाना लेन्स घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मी बघत बसू का?" मी दारातून विचारलं.

"धूळ येस, ताई!" आतून उत्तर आलं. धूळ कसली! मी खिडकीशी गेले, तर तिला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं.

नानांच्या बायकोने, नानींनी, मला जेवायला बसवलं. वांगी काडक्यांवर भाजून केलेलं भरीत, पातीचा कांदा आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. इतकं चविष्ट भरीत मी खाल्लं नव्हतं, आणि तरी लक्ष सगळं त्या दाराकडे. नानींनी मला फुगलेली, अख्खी भाकरी वाढली आणि तव्यावर मोडलेली स्वतःच्या ताटात घेतली. मी म्हटलं, मोडलेली मला चालेल. "पाव्हनी शेतस तुम्ही," त्या म्हणाल्या. एवढा पाहुणचार कशासाठी, असं माझ्या मनात आलंच. तेवढ्यात आतल्या खोलीतून तिशीची एक मुलगी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावून बाहेर आली आणि घाईघाईने निघून गेली. ती नानांची लेक उज्ज्वला, धुळ्याला एका लग्नाचे फोटो काढायला निघाली होती. तिची लेन्सही आत दुरुस्तीला होती म्हणे. त्या पिशवीकडे मी ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले.

दुपारी नाना बाहेर आले. मी आणलेल्या कॅमेऱ्याला लेन्स झोकात बसली होती. "पुढनी काच उलटी बसाडी दिधी. आते मांगलं बठ्ठं फिरस. देखा!" (पुढची काच उलटी बसवून दिली. आता मागचं सगळं फिरतं.)

नानींना अंगणातल्या कडुनिंबापुढे उभं करून मी फोटो काढला. नानींचा चेहरा लख्ख, आणि त्यांच्याभोवती पानांमधले उन्हाचे ठिपके पाण्यातल्या भोवऱ्यासारखे फिरत गेलेले. मी खूश झाले, अगदी मनापासून. मग कॅमेरा सूर्याकडे वळवून आणखी एक काढला. दोरा नव्हता. पुन्हा काढला, वाकून काढला, बसून काढला. नाहीच.

"तुम्ही काच बदललीत," मी म्हणाले.

नाना चक्क हसले. "वळखी लिधं का! तुमले ओरखडावाली काच कशी परत देऊ? मनी पोरनी लेन्स तशीच शे. तिनी चांगली काच तुमले बसाडी, तुमनी तिले. घरना माणूसले काय, कशी बी चालस." (माझ्या मुलीची लेन्सही ह्याच जातीची. तिची चांगली काच तुम्हाला बसवली, तुमची तिला.)

ज्याची भीती घेऊन इतक्या लांब आले, ते झालं होतं, आणि करणारा समोर कौतुकाची वाट बघत उभा. मग दादाचं, मुक्ताचं, दोऱ्याचं सगळं सांगितलं. नानांचा चेहरा पडला.

"आधी सांगतात तर, ताई!"

उज्ज्वला कामात फोन उचलत नव्हती. नाना म्हणाले, ती रात्री परत येईल, तोवर थांबा. मी थांबते कसली! तशीच त्यांना घेऊन धुळ्याच्या एसटीत बसले. एरंडोल गेलं, कापसाने भरलेले ट्रॅक्टर मागे पडले. मी शेजारी आणि नाना खिडकीशी, म्हणजे त्यांना माझ्या नजरेआड होता येऊ नये. पारोळ्याला "आलोच" म्हणून ते उतरले आणि गर्दीत दिसेनासे झाले. गाडी हलली. "कंडक्टर, थांबवा, माणूस पळाला!" मी ओरडले. सगळी एसटी माझ्याकडे वळून बघायला लागली. नाना धावत चढले, हातात भाजलेल्या शेंगांचा पुडा. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. धुळे येईपर्यंत मी शेंगा सोलत राहिले आणि ते बाहेर बघत राहिले.

लग्न गावाबाहेरच्या लॉनवर होतं. बौद्ध पद्धतीचा मंगलपरिणय नुकताच आटोपला होता, पांढऱ्या साडीतली नवरी मावळतीकडे पाठ करून उभी होती. मुक्ताही अशीच पांढरी साडी नेसणार आहे. वडिलांना पाहून उज्ज्वला धावत आली.

"आबा, आज लेन्सला काय केलंत तुम्ही? हे बघा!"

कॅमेऱ्याच्या पडद्यावर नवरी हसत होती. मागचे दिवे तिच्याभोवती गोल फिरलेले, आणि त्या सगळ्यातून, खांद्यावरून पदरापर्यंत, प्रकाशाचा तिरका दोरा. मी तो कुठेही ओळखला असता.

"ती काच माझी आहे," मी म्हणाले.

उज्ज्वलाने कॅमेरा पटकन छातीशी धरला. "तुमची? कशावरून?"

नाना मध्ये पडायला लागले, मी त्यांना थांबवलं. ह्या पोरीचा प्रश्न मला एकदम पटला. मी मोबाईलमधला मुक्ताच्या लहानपणीचा फोटो उघडून तिच्या पडद्याशेजारी धरला. तोच तिरकेपणा, मधे तसाच बारीक झालेला, टोकाला तसाच फाटलेला. उज्ज्वलाने दोन्ही निरखून पाहिले. "कोणी काढलाय हा?"

"हिच्या वडिलांनी."

तिने लेन्स काढायला हात घातला, पण नवरी लांबून हाका मारत होती. आणखी फोटो हवे होते तिला, तसेच. उज्ज्वला घुटमळली. मी म्हटलं, "ऊन आहे तोवर काढ. मी आहे इथे." दादाचा दोरा एका अनोळखी मुलीच्या पदरावर पडत राहिला. मला राग येईल असं वाटलं होतं, पण डोळे भरून आले. तरी मी कॅमेऱ्यापासून चार पावलांच्या पुढे गेले नाही, हेही खरं.

ऊन गेल्यावर नानांनी मांडवातल्या एका टेबलावर रुमाल पसरला आणि दोन्ही काचांची अदलाबदल माझ्या डोळ्यांदेखत केली. ह्या वेळी दार नव्हतं. त्यांनी मोबाईल ठेवायलाही सांगितलं नाही, आणि मी होऊन तो पिशवीत टाकला. ओरखड्याची काच माझ्या लेन्समध्ये घट्ट बसवताना ते पुटपुटले, "पाव्हनीले हाई देवाले माले बरं नही वाटी राहिनं." (पाहुणीला हे द्यायला मला बरं वाटत नाहीये.) त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी त्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर ऊन आल्याबरोबर मी पुण्याच्या गाडीकडे कॅमेरा धरून खात्री करून घेतली. दोरा होता. मग उरलेल्या शेंगा खाल्ल्या आणि पुण्यापर्यंत झोपले. पिशवी वर फळीवर होती.

मुक्ताने लेन्स हातात घेऊन उजेडाकडे धरली. आधी ओरखडा शोधला, मग बाकीचं सगळं.

"आत्या, एवढं काम केलं त्यांनी, मग हा ओरखडा कसा काढला नाही?"

"काढला होता गं," मी म्हणाले. "धुळ्याला जाऊन परत आणला."