टाकळा मी उपटला

लालबागजवळच्या आमच्या शाळेच्या गच्चीवर मासळीबाजारातून आणलेले थर्माकोलचे चौदा खोके आहेत. धुऊन धुऊन वास गेला, मग माती भरली. दर गुरुवारी समुपदेशनाला येणाऱ्या बाईंनी ही कल्पना काढली आणि मी विज्ञान शिकवतो म्हणून बाग माझ्या गळ्यात पडली. वर्गात ज्यांचं मन लागत नाही, जी मुलं भांडतात किंवा गप्प बसतात, ती शेवटच्या तासाला वर येतात. बाईंनी मला एकच नियम सांगितला होता : "सर, तुम्ही शिकवू नका. लावणं, पाणी घालणं, उपटणं, सगळं मुलांच्या हातून होऊ दे."

त्यात सहावीतली एक मुलगी होती. मालवणकडच्या गावातून वर्षभरापूर्वी काकांकडे राहायला आलेली. पहिल्याच आठवड्यात वाचताना तिच्या बोलण्याला वर्ग हसला. मीही हसलो होतो, फार नाही, पण तिने पाहिलं. त्यानंतर ती शाळेत कुणाशी बोलेना. फक्त आमच्या शिपाईमामांशी बोलायची, कारण मामा तिच्याच बोलीत बोलायचे. गच्चीवर पाण्याचा पाइप मामा धरायचे आणि ती हलक्या आवाजात त्यांना काहीबाही सांगायची. मी जवळ गेलो की गप्प.

तिच्या खोक्यात मेथी धरली नाही. त्याऐवजी काहीतरी गोल गोल पानांचं आपोआप उगवलं. मामा तिला म्हणाले, "टाकळो हा तो. उपटू नको. भाजी करूक येतली." हे मला फार उशिरा कळलं. मी गिरगावात वाढलेला; आमच्या गॅलरीत तुळस आणि सदाफुली. टाकळा मी ताटातही कधी पाहिला नव्हता. तो तिने रोज निरखला होता, संध्याकाळी त्याची पानं मिटतात हे मामांना दाखवलं होतं.

संस्थेचे पाहुणे बाग बघायला येणार होते त्या सकाळी मी एकटाच गच्चीवर गेलो. सगळे खोके नीटनेटके दिसावेत म्हणून तण काढलं. तिचा खोका पूर्ण मोकळा झाला. मला बरंच वाटलं, स्वच्छ दिसत होता.

दुपारी ती वर आली आणि खोक्यासमोर उभी राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. शेजारी बाई उभ्या होत्या, नियम सांगणाऱ्या. मी म्हणालो, "मामांनी साफसफाई केली असेल."

एवढंच. विचार करून बोललो नाही, पण बोलल्यावर मागेही घेतलं नाही.

तिने मामांशी बोलणं सोडलं. म्हणजे शाळेत बोलणंच सोडलं. आठवड्याने मामा मला प्रयोगशाळेच्या दारात गाठून म्हणाले, "सर, माझ्याकडून काय चुकला काय? पोर माझ्याकडे बघूक पण तयार नाय."

"मुलांचं काय हो मामा, आज रुसतात, उद्या हसतात," मी म्हणालो आणि परीक्षानळ्या धुवायला लागलो. त्या धुतलेल्याच होत्या.

तीन आठवडे असे गेले. मामा फाटकाशी स्टुलावर बसत म्हणून ती मागच्या जिन्याने, अख्ख्या इमारतीला वळसा घालून बाहेर पडायची. एका संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी मामांनी स्टूल उचललं आणि पटांगणातल्या पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवलं. मी विचारलं, इथे का? म्हणाले, "तिका लांबून जावचा लागता. दप्तर जड असता."

पुढच्या गुरुवारी मी गच्चीवर तिच्या खोक्याशेजारी उकिडवा बसलो. बाई होत्या, इतर मुलं होती. मी म्हणालो, "तुझा टाकळा मी उपटला. मामांनी नाही. मला तो तण वाटला. आणि मग मी खोटं बोललो." पन्नाशीच्या माणसाला एवढी चार वाक्यं म्हणायला घाम फुटतो हे मला माहीत नव्हतं.

तिने हातातली माती झटकली आणि जिना उतरून गेली. मी मागोमाग. मामा टाकीमागे होते. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा, टाकळो सरांनी उपटल्यानी. तुमी नाय."

सुटायची वेळ, पटांगण भरलेलं. निम्म्या शाळेने ऐकलं. तिच्या तोंडून सगळ्यांसमोर निघालेलं पहिलं वाक्य म्हणजे माझी चुगली होती. कुणी हसलं नाही; हसण्यासारखं त्यात मीच होतो. मामा माझ्याकडे बघत तिला म्हणाले, "गिरगावातले सर ते. त्यांका कोथिंबीर ओळाखली तरी पुष्कळ झाला."

मग मात्र ती हसली.

स्टूल दुसऱ्या दिवशी फाटकाशी परत आलं. बाईंनी मला वेगळं बोलावून जे सुनावलं ते सुनावलं, रास्तच होतं. मामांची माफी मागायला गेलो तर ते म्हणाले, "ऱ्हवांदे सर, चहा घेवा." त्यांनी इतक्या सहज सोडून दिलं याचा मला अजून त्रास होतो. तो व्हावाच.

ती वर्गात अजून कमी बोलते, पण बोलते, आणि तिच्याच बोलीत. गच्चीवर तर ऐकवते. कोणत्याही खोक्यातलं काही उपटायचं असेल तर आता आधी तिला विचारावं लागतं. काल एका लांबट पानाच्या रोपाबद्दल विचारलं. तिने वाकून बघितलं, मामांना बोलावलं, दोघांचं काहीतरी ठरलं.

"नाय," ती म्हणाली. "ऱ्हवांदे."

मी हात मागे घेतला.