दोनच आटे बाहेर

वर्कशॉपमध्ये तिला सगळे वहिनी म्हणतात. साहेब म्हणतो, हमाल म्हणतात, नव्यानं लागलेले कामगारही दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागतात. नवरा इथंच फिटर होता, त्याच्यामागून ती कामाला लागली, म्हणून वहिनी. तिचं टेबल खिडकीखाली आणि काम एकच: वाफेचे रेग्युलेटर उघडायचे, साफ करायचे, पुन्हा लाइनवर बसवून दाब लावून द्यायचा. कारखाना कापड रंगवायचा. बॉयलरमधून वाफ येते दहाच्या दाबानं, रंगाच्या यंत्रांना झेपते तीनची. मधे हा रेग्युलेटर बसतो आणि दहाचे तीन करतो. घरात सासू-सुनेच्या मधे जो बसतो त्याचंही काम हेच, फक्त त्याला बिचाऱ्याला दर सहा महिन्यांनी कुणी उघडून साफ करत नाही.

वहिनीचा हात फार चांगला. तिनं बसवलेला रेग्युलेटर गळला, असं आजवर कुणी म्हटलं नाही. स्वभावाचं मात्र विचारू नका. कुणी तिचा पाना उचलून भलतीकडे ठेवला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झालाच म्हणून समजा. साहेबालाही ती सोडत नाही. सगळ्या कारखान्यात एकच माणूस असा, की ज्याच्याशी ती भांडतसुद्धा नाही. भांडायला निदान बोलावं तरी लागतं.

तो मिस्त्री. खिडकीखालचं टेबल आधी त्याचं होतं. व्हॉल्व्हची सीट, म्हणजे झडप जिथं टेकते ती जागा, आरशासारखी होईपर्यंत तो तासन्‌तास घासत बसायचा, म्हणून लोक मागून त्याला घासूमिस्त्री म्हणायचे. वहिनीचा नवरा वयानं लहान, पण दोघांचं गूळपीठ. डबा एकत्र खायचे.

नवरा बारा वर्षं पाण्याच्या लाइनवर होता. वाफेकडे बदली होऊन तीनच आठवडे झाले होते. एका दुपारी रेग्युलेटरचा दाब चढायला लागला, तो उतरवायला हा गेला, आणि उतरायचा सोडून दाब आणखीच चढला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडायच्या आत शेजारच्या जोडाचं पॅकिंग फाटलं. भाजलेला माणूस चार दिवस जगला. त्या चार दिवसांबद्दल वहिनी कुणाशी बोलत नाही, तेव्हा आपणही नको.

चौकशी झाली. वहिनी उभी राहिली आणि म्हणाली, "आदल्या दिवशीच ते म्हणाले होते, मिस्त्रीनं पडदा जुनाच घातलाय." पडदा म्हणजे रेग्युलेटरच्या पोटातला पातळ पत्रा. तो फाटला की वाफेला लगाम राहत नाही. तो रेग्युलेटर आठवड्यापूर्वी मिस्त्रीनंच दुरुस्त केला होता. "मी नवा घातला," एवढं एकदा तो म्हणाला, मग मान खाली घालून बसला आणि पुढं ब्र काढला नाही. गप्प बसला म्हणजे चोर, लोकांचं गणित सोपं असतं. रेग्युलेटर लाइनवरून उतरवून, स्क्रूला तार आणि शिशाचं सील लावून पुरावा म्हणून स्टोअरमध्ये ठेवला. तो उघडून बघणारा अधिकारी बदलून गेला, नव्या अधिकाऱ्यानं कागदांवरच भागवलं. रडणाऱ्या बाईला खोटं कोण म्हणणार? मिस्त्रीला टेबलावरून उठवून भंगाराच्या आवारात वजनकाट्यावर बसवलं. सहा महिन्यांनी त्याच्या टेबलावर वहिनी आली. याला आता नऊ वर्षं झाली, आणि या महिनाअखेर मिस्त्री निवृत्त होणार आहे.

मंगळवारी साहेबानं स्टोअर आवरायला काढलं आणि एक खोकं वहिनीच्या टेबलावर पाठवलं. "यातलं चालण्यासारखं काय आहे ते बघा वहिनी, बाकीचं भंगारात." साहेब दोन वर्षांपूर्वी आलेला, त्याला काय माहीत! तिसरा रेग्युलेटर उचलला आणि वहिनीनं तो खिडकीच्या उजेडात धरला. अंगावर ठोकलेला नंबर तिला तोंडपाठ होता. सील तसंच होतं, कुणी हात लावलेला नव्हता.

तिनं तो व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि सवयीनं आधी वरच्या स्क्रूकडे बघितलं.

इथं जरा समजून घ्यायला हवं. नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. रेग्युलेटरचं उलटं. त्याचा स्क्रू उजवीकडे फिरवला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि वाफ जास्त सुटते. दाब उतरवायचा तर स्क्रू डावीकडे, सैल करायचा. तीनच्या दाबाला स्क्रूचे नऊ-दहा आटे बाहेर दिसतात. इथं दोनच बाहेर होते. सात-आठ आटे कुणीतरी आत घातले होते, आणि शेवटचा हात कुणाचा होता हे सांगायला पंचाची गरज नव्हती.

'पडदा फाटलेलाच असणार,' ती स्वतःशी म्हणाली. 'दोन्ही झालं असेल. ह्यांचं चुकलं असेल, पण पडदाही फाटलेला असणार.' देवापुढे हात जोडावेत तसं ते ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

आता गंमत अशी, की रेग्युलेटर उघडायचा तर आधी स्क्रू सैल करावाच लागतो. एकदा सैल केला की दोन आटे होते की दहा, ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. तिला कुणी दोषही दिला नसता, रोजचंच काम. तिनं पाना लावला. मग काढला, खिशातून फोन घेतला आणि सीलसकट स्क्रूचा फोटो काढला. का काढला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मग उघडलं. पडदा अखंड होता, ओरखडासुद्धा नाही. कडेला टोकदार सळईनं कोरलेली तारीख होती, अपघाताच्या आधी आठ दिवसांची. बारीक, सरळ अक्षर; मिस्त्रीचंच. स्प्रिंग नवी. सीटमध्ये वहिनीला स्वतःचं तोंड दिसलं, आणि ते तिला बघवेना.

कारण नवरा तसं काही म्हणालाच नव्हता. "रेग्युलेटर जरा हट्टी आहे," एवढंच म्हणाला होता आणि जेवायला बसला होता. बाकीचं वहिनीनं आपल्या मनानं घातलं. दुःखानं घातलं, रागानं घातलं, पण घातलं. नऊ वर्षं ती सांगत राहिली, आणि सांगता सांगता तिला ते नवऱ्याच्या आवाजात ऐकू यायला लागलं होतं.

आता तोंड उघडावं, तर नवरा स्वतःच्या चुकीनं मेला असं होणार आणि बायको खोटारडी ठरणार. तेरा वर्षांच्या मुलीला काय सांगायचं? तिला बाप म्हणजे दुसऱ्याच्या कामचुकारपणानं गेलेला माणूस, एवढंच ठाऊक. आणि तोंड मिटून बसावं, तर महिनाअखेर एक निरपराध माणूस भंगाराच्या आवारातून कायमचा घरी जाणार, तोंडाला काळं घेऊन. फोटो पुसायला एक बोट पुरे होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी सासूबाई भांडी घासत होत्या. मिस्त्री निवृत्त होतोय हे त्यांच्याही कानावर आलं होतं. "सुटला मेला," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाला खाऊन आता आरामात घरी बसेल."

"आई," वहिनी म्हणाली, "ह्यांच्याच हातून चुकलं असलं तर?"

सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. ओरडतील असं वहिनीला वाटलं, पण त्या ओरडल्या नाहीत. नळ बंद केला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "असलं तरी बोलायचं नसतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. गेलेल्याला कशाला पुन्हा मारतेस?"

म्हातारीलाही कधीतरी तशी शंका येऊन गेली असणार, हे वहिनीला त्या क्षणी कळलं. ती न जेवता उठली.

बुधवारी कामावर हजेरी लावली ती सरळ भंगाराच्या आवारात गेली. वजनकाट्याशेजारी पत्र्याची खोली, एक टेबल, एक खुर्ची. मिस्त्री वही उघडून बसला होता. केस पार पिकले होते. लांबून ते कधी दिसलं नव्हतं.

"पडदा नवा होता," वहिनी म्हणाली. कसे आहात नाही, काही नाही, नऊ वर्षांत पहिलं वाक्य हे. "तुमची तारीख आहे त्यावर. स्क्रू आत गेलेला होता. ह्यांनीच फिरवला."

मिस्त्रीनं चष्मा काढून शर्टाला पुसला. "हं," म्हणाला. त्याला त्यात नवीन काय होतं?

"आणि ते तसं म्हणाले नव्हते. जुना पडदा वगैरे. मी खोटं बोलले."

आता मात्र मिस्त्रीनं वर बघितलं. "म्हणालाच नव्हता?"

"नाही. रेग्युलेटर हट्टी आहे, एवढंच म्हणाले."

"मला वाटत होतं, तो माझ्यावर शंका घेऊन गेला," मिस्त्री म्हणाला. "रोज वाटायचं."

वहिनीला रडू फुटलं. "आज साहेबांना सांगते. लेखी देते. सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. तुमचं नाव—"

"थांबा, वहिनी. लिहायच्या आधी माझं ऐका." त्यानं वही मिटली. "तो आला होता माझ्याकडे, त्या दुपारी. म्हणाला, दाब चढतोय, जरा चला. मी सीट घासायला घेतली होती. मधेच सोडली की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मान वर न करता म्हटलं, जा, तूच जरा बंद कर."

"बंद?"

"बंद कर म्हटलं. सैल कर म्हणायला हवं होतं."

वाफेच्या कामात रेग्युलेटरला कुणी बंद म्हणत नाही. वहिनीला हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि त्यानंतर तिनं दहा जणांना शिकवलं होतं.

"बारा वर्षं नळ फिरवणारा माणूस," मिस्त्री म्हणाला. "त्याला बंद कर म्हटल्यावर तो कुठं फिरवणार?"

वहिनी माफी मागायला आली होती. आता याच्या पाया पडावं की याची गचांडी धरावी, तिला कळेना. दोन्हींसाठी हात पुढं आले आणि तसेच राहिले.

"मग सांगितलं का नाहीत?" ती ओरडली. बाहेरचा ट्रकवाला वळून बघायला लागला. "नऊ वर्षं! चौकशीत नाही, तर निदान मला सांगायचं!"

"चौकशीत धीर झाला नाही," मिस्त्री म्हणाला. "शिक्षा तर मिळालीच होती. मला वाटलं, चुकीच्या गुन्ह्याची का होईना, भोगू. पण तुम्हाला सांगायचं होतं. दर वर्षी तो गेला त्या तारखेला मी तुमच्या टेबलाकडे येतो, वहिनी. तुम्ही मला लांबूनच बघता आणि उठून जाता."