दसऱ्याला धुतलेली गाडी

दसऱ्याच्या सकाळी मुरबाडला आमच्या अंगणात मी, माझे वडील आप्पा आणि गावातला मेकॅनिक होतो. आदल्याच दिवशी चार हजार देऊन त्याच्याकडून दुरुस्त करून घेतलेली माझी जुनी स्पोर्ट्‌स कार सुरू होत नव्हती. शेजाऱ्यांदेखत मी त्याला चोर म्हणालो.

एरवी गिऱ्हाइकाची चूक सापडली की तो नाक्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडतो, "तेलाऐवजी ताक ओतलं काय रे?" त्या दिवशी त्यानं इंजिनाचे स्पार्क प्लग काढले, तर खाली पाणी साचलेलं. पूजेसाठी गाडी धुताना वडिलांनी इंजिनावरही पाइप धरला होता. त्यांची मान खाली गेली.

"माझीच वायर ढिली राह्यली, शेठ. आप्पांना काय बोलू नका तुमी," पाणी टिपत तो म्हणाला. गाडी सुरू झाली.

पाणी मीही पाहिलं होतं. तरी माफी न मागता मी त्याला दोनशे रुपये दिले. त्यानं ते वडिलांच्या पूजेच्या ताटात ठेवले.