आर्वीवाल्यांचं महायुद्ध

बारावीत इतिहासानं मले एकदा लोळवलं होतं. लग्न होऊन आंजीले आली, अन् गावच्या अंगणवाडीत जागा निघाली. बारावी पास पाहिजे. म्हणून पदर खोचला अन् पुन्हा पुस्तक उघडलं.

बाकीचं जमलं. इंग्रजीचे शब्द तिखटा-मिठाच्या डब्यांवर चिकटवले, कविता भाकरी थापता थापता पाठ झाल्या. पण इतिहास? सकाळी घोकला की दुपारी सफाचट! एक दिवस तुरीच्या शेंगा सोलता सोलता वैतागून पहिलं महायुद्ध मोठ्यानं वाचत होती, तर समोरून सासू म्हणे, "काऊन मारलं वो त्या राजाच्या पुतण्याले?"

मी कारण सांगतलं. मंग पुढचं काऊन. त्याच्यात जर्मनीवाल्याचं काय काम? म्हटलं, आई, ते ऑस्ट्रियाचे सोयरे ना!

"मंग ऑस्ट्रियावाले आर्वीचेच असतीन."

आर्वी माहं माहेर. सासूच्या मते जगातलं कोणतंबी भांडण आर्वीवालेच उकरून काढतात. झालं! जर्मनीवाले झाले पुलगावचे सोयरे, इंग्रज वर्ध्याचे शहाणे. रोज तिचं काऊन, रोज माही पुस्तकाकडं धाव. अन् शेवटी आर्वीवाले हारले की बाईले काय आनंद! मले राग येऊन राह्यला, पण युद्ध असं डोक्यात बसलं की विचारू नका.

पेपरात तेच आलं, महायुद्धाची कारणे लिहा. हात असा सुटला की पुरवणी मागतली. मंग वाचून पाह्यते तर काय, 'आर्वीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले'! अगं माय! खोडलं, पण हसू काही आवरेना. वर्गावरच्या मॅडम डोळे वटारून पाहून राह्यल्या. तेवढ्यात घंटा झाली, पुरवणी तपासायची राह्यलीच. बाहेर आल्यावर डोक्यात एकच. आत अजून किती आर्वी असन? निकालापर्यंत मले अन्न गोड लागलं नाई.

निकाल मोबाईलवर आला. पास! इतिहासातच सगळ्यात जास्त! मी अंगणात अशी गिरकी घेतली की कोंबड्या पळाल्या. सासू उठली. साखरेची वाटी घेतली अन् शेजारी गेली. कुडापलीकडून तिचा आवाज आला.

"तोंड गोड करा वो, आमचे आर्वीवाले जिंकले!"